उशिरा पडणारी टिकली

मोहन पोतदार वारले त्याला सहा वर्षं झाली, आणि एका मंगळवारी दुपारी जेवणं आटोपल्यावर ते आपल्या मुलीच्या लग्नाचं शूटिंग बघायला बसले.

बसले म्हणजे खुर्ची रिकामीच होती. शालनताईंनी तरी ती पदरानं पुसली, पंखा एकवर केला आणि शेजारच्या आपल्या स्टुलावर मांडी घालून बसल्या. समोर संगणकाच्या पडद्यावर शूटिंगची लांबलचक पट्टी पसरली होती. थोड्या वेळानं तिच्यावर आपोआप एक हिरवी खूण उमटली. मग दुसरी. मग बऱ्याच अंतरानं तिसरी. तिसऱ्या खुणेवर ताईंनी चित्र थांबवून बघितलं, तर रेवती हळदीच्या हातानं नाकावरची माशी हाकलत होती आणि नाक पिवळं झालेलं तिला ठाऊक नव्हतं.

"अहो, हेच घेतलं असतं की तुम्ही," त्या रिकाम्या खुर्चीला म्हणाल्या, आणि मग पदर डोळ्यांना लावून चांगल्या रडल्या.

गडहिंग्लजमध्ये 'रेवती व्हिडिओ' कुणाला ठाऊक नाही असं एके काळी नव्हतं. तालुक्यातली निम्मी लग्नं या एका खोलीत कापली आणि जोडली गेली. मुलगी जन्मली त्या वर्षी दुकान निघालं, म्हणून तिचंच नाव पाटीवर गेलं. पुढे कॅसेटी जाऊन संगणक आले आणि मोहनरावांना एक नवी कळ सापडली. चित्र चालू असताना ती दाबली की पट्टीवर त्या जागी खूण पडायची. इथं काहीतरी आहे, परत या, एवढंच ती खूण सांगायची. शालनताई तिला टिकली म्हणायच्या, कारण ती दिसायचीच तशी, आणि संपादनाचं सगळं शास्त्र त्यांच्या लेखी टिकली कुठं लावायची एवढंच होतं.

दोघांची काम करायची रीत ठरलेली होती. मोहनराव खुर्चीवर, डाव्या हाताची तर्जनी त्या कळेवर अधांतरी धरून. ताई उजवीकडे स्टुलावर, मांडीवर निवडायची भाजी किंवा सोलायचे वाटाणे. नवरदेवाचे मामे, चुलते, आहेरांच्या रांगा, पंगतीतली जिलेबी असं सगळं वाहत जायचं. मध्येच ताई "हं" म्हणायच्या आणि खाली टिकली पडायची. बोलणं म्हणून एवढंच. मोहनराव मुळातच अबोल माणूस. डॉक्टरनं कुठं दुखतंय विचारलं तरी बोटानं दाखवायचे.

त्या बोटाला इतकी सवय झाली होती की कुणाच्या बारशाला शेजारी शेजारी बसले असताना ताईंनी सहज "हं" म्हटलं, तरी त्यांची तर्जनी गुडघ्यावर टेकायची. नातेवाईक त्यावरून दोघांची चेष्टा करायचे. मोहनराव हसून हात खिशात घालायचे आणि पुढच्या "हं"ला खिसा हलायचा.

एवढ्या लोकांची लग्नं कापणाऱ्या या माणसानं पोटच्या पोरीचं लग्न मात्र तसंच ठेवलं. रेवतीनं पुण्यात स्वतःच ठरवलेलं लग्न, मुलगा जातीबाहेरचा. घरात आदळआपट झाली नाही. मोहनराव फक्त म्हणाले, "तुझं ठरलंय ना, मग झालं." हे 'झालं' कसं घ्यायचं ते रेवतीला तेव्हाही कळलं नाही आणि नंतर तर त्याचा काटाच झाला. कारण लग्नाची फिल्म काही आली नाही. पहिल्या दिवाळीला विचारलं, दुसरीला विचारलं, मग विचारणं सोडून दिलं. दर वर्षी मोहनराव ते शूटिंग उघडायचे, थोडा वेळ चालवायचे आणि उठून बाहेर चहाला जायचे. त्यांच्या पश्चात ताईंनी ते चित्र न चालवता नुसतं उघडलं तेव्हा सगळी पट्टी कोरी होती. एकही टिकली नव्हती.

"बाबांना त्यात घेण्यासारखं काही दिसलंच नाही," रेवती एकदा म्हणाली होती. निनादही तिथंच बसला होता. जावई म्हणून तो कधी कशात कमी पडला नव्हता, तरी ते वाक्य ऐकून त्यानं पेपरात तोंड घातलं.

आता लग्नाला पंचवीस वर्षं होणार होती. तिनं आईला फोन केला आणि नजरछापेबद्दल सांगितलं.

नजरछाप तेव्हा नवी राहिली नव्हती. तिच्यामागचं शास्त्र तसं साधं आहे. माणूस चालतं चित्र बघत असतो, त्याला काहीतरी भिडतं, आणि तो कळ दाबतो. पण भिडणं आणि दाबणं एकाच क्षणी होत नाही. डोळ्यानं पाहिलं, मेंदूनं निवडलं, बोटाला निरोप गेला, यात चित्राच्या सहासात चौकटी निघून जातात. एक सेकंद म्हणजे पंचवीस चौकटी, म्हणजे हा उशीर साधारण पाव सेकंदाचा. प्रत्येकाचा उशीर वेगळा, आणि कशावर थांबायचं ही निवडही वेगळी. एखाद्यानं जन्मभर लावलेल्या खुणा आणि त्याखालचं शूटिंग यंत्राला दिलं, तर त्यातून त्या माणसाच्या बघण्याचा साचा तयार होतो. मग त्यानं कधीही न पाहिलेलं चित्र समोर ठेवा. तो जिथं थांबला असता तिथं यंत्र खूण लावतं.

हे निघालं मोठमोठ्या स्टुडिओंसाठी, संपादकांचे पगार वाचवायला. पण आपल्याकडे कुठलीही गोष्ट शेवटी लग्नाच्या हॉलवर पोचतेच. कैलासवासी आजोबांनी जुन्या मोबाइलवर कुठं कुठं बोट ठेवलं होतं त्यावरून त्यांची नजर बनवायची आणि मंडपात पहिल्या रांगेत त्यांच्या फोटोखाली एक छोटा पडदा लावायचा. आजोबांना काही आवडलं की तो हिरवा व्हायचा. एका लग्नात तो फक्त जेवणाच्या वेळी हिरवा झाला, तेव्हा लोक म्हणाले की यंत्र खरं आहे.

पोतदारांकडे तर वीस-बावीस वर्षांच्या टिकल्या होत्या. जुन्या डिस्कांचा गठ्ठा पुण्याला गेला आणि मिहिर करंदीकर नावाच्या इंजिनिअरनं महिन्याभरात मोहनरावांची नजर तयार करून पाठवली.

त्या मंगळवारनंतर शालनताईंचे दिवस बदलले. रेवतीच्या लग्नाचं शूटिंग यंत्रानं झरझर बघून टाकलं होतं. ताई एकेक टिकली उघडायच्या आणि प्रत्येक जागा त्यांना मनापासून पटायची. नातसून कशी असेल या काळजीत बसलेली निनादची आजी. जोडवी घालताना रेवतीचं मुडपलेलं बोट. निरोपाच्या वेळी गाडीच्या काचेवर उमटलेला तिचा तळवा. हे शूटिंग त्यांनी आजवर पाहिलंच नव्हतं, पाहवलंच नसतं. आता टिकलीचा हात धरून जायला जमत होतं. आपला नवरा इतका आपल्यासारखा बघायचा, हे त्यांना आयुष्य संपत आल्यावर नव्यानं कळलं आणि त्या सुखावल्या.

मग त्यांना चटकच लागली. त्या यंत्राला काहीही दाखवायला लागल्या. काळभैरीच्या यात्रेचं चित्रण, शेजारच्या बाळाचं बारसं, गच्चीतल्या कुंडीवर येणारा बुलबुल. टिकली पडली की "बघा, मी म्हणतच होते" असं म्हणून चहा टाकायच्या. पहिले काही दिवस त्यांनी दोन कप केले, मग स्वतःलाच हसल्या आणि एक करू लागल्या. पण दुपारची ती वेळ मोकळी ठेवायची हे ठरून गेलं.

रेवतीनं पुण्यात बसून सगळ्या टिकल्या पाहिल्या. फोनवर तिला धड बोलता येईना. बाबांनी माझ्याकडे किती बघितलं असतं गं, असं काहीतरी ती म्हणत राहिली. निनादनं फोन घेतला आणि येत्या रविवारी सगळ्यांना बोलावून फिल्म दाखवायची, असं ठरल्याचं सांगितलं. त्याचा आवाजही हलका वाटला. पंचवीस वर्षं रुतलेला काटा निघत होता.

गुरुवारी मिहिरचा फोन आला. तो तसा भला मुलगा. म्हणाला, काकू, काकांच्या नजरेत एक छोटी खोट आहे, दुरुस्त करून देतो. त्यांच्या खुणा फार उशिरा पडतात. बाकीच्यांचा उशीर सहासात चौकटी, काकांचा वीसच्या पुढं. आधी वाटलं वय असेल, पण सुरुवातीपासून तसंच आहे. बरं, बोट मंद म्हणावं तर तेही नाही, कारण चालू चित्रावर काप मारताना ते चपळ होते. उशीर फक्त खूण लावताना.

"म्हणजे बघा," तो हसून म्हणाला, "जणू कुणीतरी सांगेल आणि मग लावू, असं ते थांबायचे. मी तेवढा उशीर काढून टाकू का? खुणा नेमक्या जागी बसतील."

ताईंनी उद्या सांगते म्हणून फोन ठेवला.

मग त्यांनी एक जुनं लग्न काढलं, यंत्राला न दाखवलेलं आणि पट्टी कोरी असलेलं. यंत्र लावत जाईल त्या टिकल्या दिसू नयेत म्हणून पडद्याचा खालचा भाग टॉवेलनं झाकला, स्टुलावर बसल्या, आणि वाटाणे नव्हते म्हणून नुसताच पदर मांडीवर घेऊन चित्र चालू केलं. जिथं वाटलं तिथं "हं" म्हणाल्या आणि चित्र थांबवून टॉवेल उचलला. प्रत्येक वेळी टिकली तिथंच होती. "हं"च्या जरा पुढं, बोट टेकायला लागेल तेवढ्या अंतरावर.

हिशेब सरळ होता. बघत होत्या त्या स्वतः आणि बोट तेवढं मोहनरावांचं होतं. यंत्रानं टिकल्यांवरून ज्या माणसाची नजर बनवली होती तो माणूस मोहनराव नव्हताच. सहा वर्षांनी परत आलेला नवरा म्हणून ज्याला त्या चहा विचारत होत्या, तो म्हणजे त्या स्वतःच होत्या. त्यांना रडूही आलं नाही. घर फार रिकामं वाटलं, तेराव्यानंतर पाहुणे गेल्यावर वाटलं होतं त्याहून रिकामं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मिहिरला फोन करून सांगितलं, "उशीर काढू नकोस बाबा. सगळ्यात तेवढाच त्यांचा हाय."

तो काय समजला कोण जाणे, पण बरं म्हणाला.

रेवतीला सांगायचं की नाही, हा खरा प्रश्न होता. गप्प राहिलं तर रविवारी सगळं गोड होणार होतं. पोरीच्या मनातला बाप सुधारला होता, जावयाचा मान राहिला होता, आणि खोटं म्हणावं तर ते बोलणार यंत्र होतं, ताई नव्हे. पण एवढ्या वर्षांत त्यांनी एकाही लग्नात दुसऱ्याच्या लग्नातलं हसू आणून चिकटवलं नव्हतं. गिऱ्हाइकं मागायची, तरी मोहनराव मान हलवून नाही म्हणायचे. आता पोरीच्याच लग्नात ते करायचं म्हणजे त्यांच्या खुर्चीत बसून त्यांच्याशीच लबाडी.

शनिवारी रेवती आईला न्यायला आली. ताईंनी तिला जेवू घातलं आणि मग स्टुडिओत नेऊन सगळं सांगितलं. टॉवेल, "हं", उशीर, सगळं.

रेवती ऐकत होती तसतसा तिचा चेहरा मिटत गेला.

"म्हणजे यात बाबांचं काहीच नाही," ती म्हणाली.

ताईंनी समजावायचा प्रयत्न केला. "तुझ्या बाबांनी एकट्यानं कधी टिकली लावलीच न्हाई गं. तुझ्या लग्नाला टिकल्या लावायला बसले की मला हाक मारायचे. मी यायची न्हाई. तू घरातनं निघालेली मला बघवायची न्हाई. मग ते तरी काय करतील? वाट बघून उठायचे."

"ते तू म्हणतेस." रेवतीचा आवाज कोरडा होता. "त्यांनी स्वतः काही म्हटलं का? एकदा तरी? मला सोडून दे, निनादबद्दल एक शब्द?"

मोहनरावांनी कुणाबद्दलच एक शब्द म्हटला नव्हता, पण हे सांगून काय होणार. त्यांनी रविवारचं रद्द करूया का, असं विचारलं. रेवती पडद्यावरच्या पट्ट्यांकडे बघत होती. कॅमेरे दोन होते. समोरच्या कॅमेऱ्याची पट्टी टिकल्यांनी भरलेली आणि खालची, बाजूच्या कॅमेऱ्याची, जवळजवळ कोरी.

"टिकल्या तुझ्या असतील, तर बाबा, असलेच तर, जिथं टिकली नाही तिथं असतील," ती म्हणाली. "मला ते बघायचंय. मशीन बंद कर."

ताईंनी नजरछाप बंद केली. रेवती बापाच्या खुर्चीवर बसली. ताई स्टुलावर. मोहनराव वारल्यानंतर त्या दोन जागा एकदम भरल्या त्या आज.

बाजूचा कॅमेरा एका तिवईवर ठेवून दिलेला होता, कुणी वापरत नसल्यासारखा. त्यात माणसांच्या पाठी, हलणारे हारतुरे, अधूनमधून एखादा मुलगा आडवा जायचा. मंगलाष्टकं सुरू झाली. हे ताईंनी कधीच पाहिलं नव्हतं, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. पोतदारांच्या घराण्यात मंगलाष्टकं चालू असताना मुलीच्या आईनं मंडपात थांबायचं नसतं. तिनं तुळशीपाशी बसून पाणी घालायचं. त्यांना फक्त सूर ऐकू आला होता आणि तुळशीचा ओटा भरून पाणी अंगणात वाहिलेलं आठवत होतं.

चित्रात अंतरपाट धरलेला होता. त्याच्या अलीकडे रेवती, पलीकडे निनाद, आणि एका अंगाला मांडवाच्या लाकडी खांबाशी मोहनराव उभे. सगळा मांडव भटजींकडे आणि समोरच्या कॅमेऱ्याकडे बघत होता. रेवती सारखी नाक ओढत होती.

"मला सर्दी झाली होती," खुर्चीतली रेवती म्हणाली. "किती लाज वाटत होती. हातात हार, नाक पुसायचं कसं."

तेवढ्यात अंतरपाटाच्या खालून एक हात अलीकडे आला. निनादचा. त्या हातात घडी घातलेला रुमाल होता. रेवतीनं तो पटकन घेतला, नाक पुसलं आणि हाराआड लपवला. अंतरपाट हललासुद्धा नाही. भटजींनी पाहिलं नाही, धरणाऱ्या मामांनी पाहिलं नाही. समोरच्या कॅमेऱ्यात तर फक्त कापड आलं असणार.

मोहनरावांनी पाहिलं होतं. ते बाजूला उभे होते म्हणून त्यांनाच तेवढं दिसलं. त्यांचा चेहरा नेहमीसारखाच होता. डावा हात खांबावर टेकलेला होता. त्याची तर्जनी वर उचलली गेली आणि एकदाच, नीट, लाकडावर टेकली.

"थांबव," ताई म्हणाल्या.

रेवतीनं चित्र मागं नेलं आणि परत चालवलं. हात आला, रुमाल दिला, बोट टेकलं. उशीर जवळजवळ नव्हताच. त्या वेळी त्यांना "हं" म्हणायला शेजारी कुणी नव्हतं. शालनताई मागच्या अंगणात तुळशीला पाणी घालत होत्या.

रेवतीनं तिसऱ्यांदा चालवलं. या वेळी तिनं आपल्या डाव्या हाताची तर्जनी त्या झिजलेल्या कळेवर धरली होती आणि ती आईची वाट बघत होती. रुमाल गेला. बोट टेकलं. शालनताई अजून त्या बोटाकडेच बघत होत्या.

"हं," त्या म्हणाल्या.

रेवतीनं कळ दाबली आणि टिकली पडली, मोहनरावांच्या बोटाच्या बरीच पुढं. सगळ्या संसारात शालनताईंना पहिल्यांदाच उशीर झाला होता. रेवतीनं ती मागं सरकवायला माऊस हातात घेतला, तेव्हा त्यांनी तिचा हात धरला आणि असू दे म्हणाल्या. मग रेवतीनं निनादला फोन लावला आणि विचारलं, की तो रुमाल कुठं असेल रे.